मसुदा यंत्राचा, जबाबदारी कुणाची?

पत्र:

‘मी आठ वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. युजर गाइड, रिलीज नोट्स, एपीआयचं (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशन असं माझं काम. दीड वर्षापूर्वी आमची टीम पाच जणांची होती, आता आम्ही दोघीच उरलोय. पहिला मसुदा एआय टूल काढतं आणि मी तो बघून घेते. मॅनेजर म्हणतात, “आता तुमचं काम निम्मं झालं ना?” प्रत्यक्षात मी पूर्वीपेक्षा उशिरा घरी पोचते. जो भेटतो तो सल्ला देतो: यूएक्स रायटिंगकडे (अॅपच्या स्क्रीनवरचे शब्द लिहिणं) वळ, प्रॉडक्ट मॅनेजर हो, निदान प्रॉम्प्टचा कोर्स तरी कर. खरं सांगा, या क्षेत्राला भवितव्य आहे का? दुसरं म्हणजे, माझ्या धाकट्या भावाने नुकतीच सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आहे. तो लिहितो चांगलं, आणि माझं बघून त्यालाही यातच यायचंय. त्याला हो म्हणू की अडवू? आणि एक बारीकशी शंका: बायोडेटावर “टेक्निकल रायटर” हे नाव ठेवावं की आता बदलावं?’

नमस्कार,

भवितव्य आहे. मात्र तुम्ही आज ज्या खुर्चीत बसला आहात ती तशीच आणखी पाच वर्षं टिकेल, असं सांगून तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. इंजिनिअर काय म्हणतोय ते ऐकायचं, नीटनेटक्या वाक्यांत मांडायचं, स्क्रीनशॉट जोडायचे आणि रिलीजच्या आदल्या रात्री पान चढवायचं, एवढ्यावर ज्यांची नोकरी उभी होती त्यांच्या पायाखालची जमीन खरंच सरकली आहे. ‘हे असं चालतं, हे कुणी करून बघितलंय का?’ असं विचारत फिरणं हे ज्यांचं काम होतं, त्यांना अजूनही मागणी आहे. फक्त ती पूर्वीच्या जागी आणि पूर्वीच्या नावाने सापडेलच असं नाही.

आधी आकड्यांचं बोलू, कारण या विषयावर जो तो एखादा टक्का तोंडावर फेकून जातो. व्यवसायांचे दहा-दहा वर्षांचे अंदाज नियमितपणे आणि उघड मांडणाऱ्या संस्थांमध्ये अमेरिकेचा श्रम-सांख्यिकी विभाग येतो. त्यांनी टेक्निकल रायटरच्या नोकऱ्यांत २०२२ ते २०३२ या काळासाठी ७ टक्के वाढ धरली होती. २०२३ ते २०३३ साठी ती ४ टक्क्यांवर आली आणि २०२४ ते २०३४ साठी १ टक्क्यावर. हे एकाच देशाचे आकडे आहेत, पण वारा कुठून वाहतोय ते कळायला पुरेसे आहेत. एक टक्का म्हणजे धंदा बुडाला असं नव्हे. पण नव्या जागा जवळपास नाहीत. ज्या निघतील त्या कुणी निवृत्त झालं, कुणी दुसरीकडे गेलं म्हणून निघतील. अशा बाजारात आत असलेला माणूस तग धरू शकतो, दाराबाहेरच्याला आत शिरणं अवघड जातं. म्हणूनच तुम्हाला आणि तुमच्या भावाला मी एकच उत्तर देणार नाही.

या आकड्यांत एक गोमही आहे. मोजणी होते ती व्यवसायांच्या ठरलेल्या रकान्यांत. हेच काम करणारे कितीतरी जण आज डॉक्युमेंटेशन इंजिनिअर, कंटेंट डिझायनर, नॉलेज मॅनेजर, इन्फर्मेशन आर्किटेक्ट अशा नावांनी पगार घेतात. ते कुठल्या रकान्यात पडतात हे मोजणाऱ्यावर अवलंबून. तेव्हा तो १ टक्का वाचून फार घाबरू नका आणि ‘छे, तो काही खरा नाही’ म्हणून उडवूनही लावू नका.

तुम्ही ही बातमीही ऐकली असेल: १९५३ पासून चालत आलेली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही अमेरिकेतली जुनी व्यावसायिक संघटना जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद पडली. ‘बघा, संघटनाच मेली, आता व्यवसाय काय राहणार!’ असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. मला ते पटत नाही. वर्गणी भरून सभासद व्हायचं, वर्षातून एकदा परिषदेला जायचं, हा प्रकारच मागे पडत चालला होता. तोवर लोक राइट द डॉक्ससारख्या मोकळ्या समूहांत जाऊन बसले होते, आणि तिथे आजही नोकऱ्यांपासून टूल्सपर्यंत सगळ्यावर तावातावाने वाद चालतात. तरीही एक नुकसान झालंच. नव्या माणसाला बोट धरून आत नेणारी एक ओळखीची जागा गेली.

आता मूळ मुद्दा. स्वस्त नेमकं काय झालं?

समजा, तुमच्या उत्पादनातली एपीआय की, म्हणजे ग्राहकाच्या सॉफ्टवेअरला तुमची सेवा वापरू देणारी गुप्त किल्ली, कशी बदलायची, याचं पान लिहायचंय. टूलला कोड, जुनं पान आणि काय काम करायचं ते नोंदवलेलं टिकिट दिलं की डोळ्याचं पातं लवेपर्यंत मसुदा हजर: सेटिंग्ज उघडा. जुनी की रद्द करा. नवी की तयार करा. ती कॉपी करून तुमच्या अॅप्लिकेशनमध्ये टाका. सेव्ह करा. पाच पायऱ्या, पाचही वाक्यं निर्दोष, स्क्रीनवरच्या बटणांची नावंही बरोबर. घाईत असलेला डेव्हलपर रिव्ह्यूमध्ये ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होईल. आणि भर दुपारी चालू सिस्टिमवर ज्याने या पानाबरहुकूम की बदलली, त्याची सेवा दुसऱ्याच पायरीला आडवी होईल. कारण जुनी की गेली आणि नवी अजून कुठेच लागलेली नाही. खरं तर आधी नवी की काढायची, ती जिथे जिथे लागते तिथे टाकायची, ती वापरात आल्याची खात्री करायची आणि मग जुनी रद्द करायची.

पण इथेही काम संपत नाही. दोन की एकाच वेळी चालू ठेवायला तुमची सिस्टिम परवानगी देते का? देत नसेल, तर थोडा वेळ सेवा बंद राहणारच, आणि ते पहिल्याच ओळीत सांगायला हवं. पाचव्या पायरीनंतरच्या टीपेत टाकून उपयोग नाही. रद्द केलेली की कॅशमुळे, म्हणजे सिस्टिमने तात्पुरत्या साठवलेल्या माहितीमुळे, आणखी काही मिनिटं चालत राहते का? ज्याची की चोरीला गेलीय त्याच्या दृष्टीने ती काही मिनिटं म्हणजे सगळं काही. आणि चोरीचाच विषय निघाला, तर मी आत्ता सांगितलेला ‘बरोबर’ क्रमच उलटा करावा लागतो: तिथे सेवा बंद पडली तरी चालेल, पण जुनी की आधी मारायची. म्हणजे नेहमीची बदली आणि फुटलेली की, या दोन वेगळ्या वाचकांना दोन वेगळी पानं लागतात, आणि कुठलं पान कुणाचं हे शीर्षकातच कळायला लागतं.

यातली निम्मीअधिक उत्तरं टूलला दिलेल्या कागदांत बहुतेक वेळा नसतातच. ती सर्व्हरची बाजू सांभाळणाऱ्या एखाद्या बॅकएंडवाल्याच्या डोक्यात असतात, त्याला गाठून विचारलं की तो ‘हो, अरे, ते राहिलंच’ म्हणतो. किंवा टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या सिस्टिमवर, स्वतः की रद्द करून हातात घड्याळ घेऊन बसलं की सापडतात. वाक्यं स्वस्त झाली आहेत. हे शोधणं स्वस्त झालेलं नाही. उलट, मसुदा इतका गुळगुळीत येतो की शंकाच येत नाही, म्हणून ते जास्त अवघड झालंय. पूर्वी चुकीची माहिती बहुधा कच्च्या भाषेत यायची आणि कच्ची भाषा पाहून तुम्ही सावध व्हायचात. आता ती खूणच राहिली नाही.

तुम्हाला उशीर का होतो, याचं उत्तर यातच आहे. स्वतः लिहिताना तुम्ही प्रत्येक वाक्य विचारूनच पुढे जायचात. आता दुसऱ्याने आत्मविश्वासाने लिहिलेल्या दहा पानांत कुठल्या तीन ओळी खोट्या आहेत ते हुडकायचं. ‘काम निम्मं झालं’ असं मॅनेजरना वाटतं, कारण त्यांना फक्त टायपिंग दिसत होतं. यात त्यांचा सगळा दोष नाही. रायटर मंडळींनीच वर्षानुवर्षं आपलं काम पानांत मोजून दाखवलं: या तिमाहीत एवढी पानं, एवढे विषय, एवढे रिलीज. पानं मोजून घेणाऱ्याला पानं फुकट मिळायला लागली की तो माणसं कमी करणारच.

तेव्हा पुढचे तीन महिने एक करा. मसुद्यांत सापडलेल्या चुकांची साधी नोंद ठेवा. पान कुठलं, चूक काय, कशी सापडली, आणि तशीच गेली असती तर ग्राहकाचं काय झालं असतं, एवढंच. प्रकार लवकरच ओळखीचे व्हायला लागतील: क्रम उलटा, नसलेला पर्याय आहे म्हणून सांगितलेला, मागच्या व्हर्जनची डीफॉल्ट व्हॅल्यू (आपोआप धरला जाणारा आकडा), परवानगी कुणाला हवी ते गाळलेलं, इशारा कृतीच्या नंतर आलेला. सोबत सपोर्टच्या लोकांशी बसून सगळ्यात जास्त वेळा येणारी ग्राहकांच्या तक्रारींची टिकिटं काढा आणि पानं दुरुस्त केल्यावर त्यातली किती कमी झाली ते बघत राहा. सपोर्टवाले हे आनंदाने करतात. त्यांचंही डोकं त्याच त्या प्रश्नांनी पिकलेलं असतं. ही वही घेऊन मॅनेजरकडे जा आणि ‘मला वेळ पुरत नाही’ असं म्हणू नका. म्हणा, ‘या चुका ग्राहकापर्यंत पोचल्या नाहीत, कारण मी करून बघितलं. करून बघायला वेळ आणि टेस्ट एन्व्हायर्नमेंट द्या, नाहीतर कुठली पानं न तपासता जाऊ द्यायची ते तुम्ही लेखी ठरवा.’ लेखी म्हटलं की माणसं विचार करायला लागतात.

त्यांना आणखी पटवायचं असेल तर एअर कॅनडाची गोष्ट सांगा. या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरच्यांच्या मृत्यूनिमित्त मिळणारी सवलत प्रवासानंतरही मागता येते. कंपनीच्याच साइटवरच्या दुसऱ्या पानावर नेमकं उलट लिहिलेलं होतं. कंपनीने सवलत नाकारली, आणि चॅटबॉट हा जणू स्वतंत्र, स्वतःच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे असा युक्तिवाद केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. साइटवरची माहिती मग ती पानावरची असो की बॉटने सांगितलेली, जबाबदारी कंपनीचीच. रक्कम किरकोळ होती, पण व्यवस्थापनाला समजावायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आता नोकरी कुठे शोधायची. माझं स्पष्ट मत: चुकीच्या ओळीची किंमत जिथे मोठी, तिकडे सरका. गमतीच्या अॅपचं मदत-पान चुकलं तर कुणी फार तर चरफडतो. रुग्णाच्या शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचं, विमानाच्या लँडिंग गिअरचं किंवा औद्योगिक प्रेसचं चुकलं तर माणूस जायबंदी होतो, आणि मग वकील पहिल्यांदा मॅन्युअल मागवतो. या क्षेत्रांत सूचना-पुस्तिका उत्पादनाचाच भाग धरली जाते, आणि ती कशी असावी हे कायदा आणि मानकं सांगतात. युरोपात वैद्यकीय उपकरणांना २०१७/७४५ हा नियम लागू आहे, त्यात वापराच्या सूचनांमध्ये काय काय हवं याची लांबलचक यादी आहे. यंत्रांसाठीचा नवा नियम २०२३/१२३० हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतोय. त्यात सूचना डिजिटल स्वरूपात द्यायला मुभा आहे, पण ग्राहकाने खरेदीच्या वेळी कागदावर मागितल्या तर त्या फुकट द्याव्या लागतील. असा एक नियम बदलला की त्या यंत्रांची सगळी पुस्तकं कुणीतरी पुन्हा उघडून बसतं. सूचना कशा तयार कराव्यात यावर आयईसी आणि आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं ८२०७९-१ हे मानक आहे, २०१९ ची आवृत्ती. विमान क्षेत्रात एएसडी-एसटीई१०० ही नियंत्रित इंग्रजी चालते: ठरलेला शब्दसंग्रह, एका शब्दाला एक अर्थ, कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. सॉफ्टवेअरमधून आलेल्याला हे सुरुवातीला जाचक वाटतं. मग एकदा मजा कळली की बाकी सगळं लेखन ढिसाळ वाटायला लागतं.

तिथे एआय नाही का? आहे, आणि वाढतंय. नियंत्रित भाषेचे नियम तपासायला तर ते फारच उपयोगी पडतं. पण धोक्याची पातळी कुणी ठरवायची? अमेरिकी एन्सी झेड५३५ मानकांप्रमाणे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे इशाऱ्याचा सगळ्यात वरचा शब्द. होऊ शकते, तिथे त्याच्या खालचा. किरकोळ किंवा मध्यम इजेला त्याहून खालचा. आणि फक्त मालाचं नुकसान होणार असेल तर चौथाच. ‘होणारच’ की ‘होऊ शकते’ हे ठरवायला धोका-विश्लेषणाची फाइल उघडावी लागते, सुरक्षा-अभियंत्याशी भांडावं लागतं आणि खाली सही करावी लागते. सही करायला यंत्र येत नाही.

हे बदलणं सोपं नाही, हेही सांगून ठेवते. या कंपन्या ‘डोमेनचा अनुभव’ मागतात आणि तुमच्याकडे तो नाही. म्हणून मधला रस्ता धरा: वैद्यकीय, बँकिंग किंवा औद्योगिक नियंत्रणासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या. त्यांना सॉफ्टवेअर समजणारा रायटर हवा असतो आणि ऑडिट, व्हर्जन, मंजुरी यांची शिस्त तुम्हाला तिथेच शिकता येते. डीटा या संरचित लेखनपद्धतीची (मजकूर सुट्या, पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यांत मांडायचा) तोंडओळख करून घ्या. आयबीएममध्ये जन्मलेली ही पद्धत २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली आणि मोठ्या उत्पादन कंपन्यांत ती अजून ठाण मांडून आहे. पण नोकरी हातात नसताना त्याच्या महागड्या टूलवर पैसे घालवू नका.

तुमच्या आहे त्या क्षेत्रात राहायचं असेल तर दुसरी वाट आहे, आणि आठ वर्षांचा अनुभव पाहता तुम्हाला ती जवळची. तुमच्या पानांचा वाचक बदललाय. माणूस आता बऱ्याचदा पान उघडतच नाही. तो बॉटला विचारतो आणि बॉट तुमच्या पानांचे तुकडे उचलून उत्तर रचतो. त्यामुळे ‘वर सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलेला तुकडा बॉटच्या हाती एकटा पडला की निरर्थक होतो. तीन व्हर्जनची तीन पानं शेजारी शेजारी, आणि व्हर्जन फक्त मेन्यूत लिहिलेलं, असं असेल तर बॉट तिघांची खिचडी करून देतो. जुनी, कुणी न काढलेली पानं हा तर मोठाच सापळा. प्रत्येक विभाग स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहिणं, कुठलं पान कुठल्या व्हर्जनचं आणि कुठल्या वापरकर्त्याचं याच्या खुणा लावणं, परस्परविरोधी पानं शोधून एक मारणं, बॉटला ठराविक प्रश्न विचारून दर रिलीजला उत्तरं तपासणं, हे काम कंपन्यांना आता हळूहळू दिसायला लागलंय. सप्टेंबर २०२४ मध्ये भाषिक मॉडेलांना साइटचा नकाशा देणारी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल सुचवली गेली आणि बऱ्याच डॉक्युमेंटेशन साइटनी ती ठेवायलाही सुरुवात केली. ती टिकेल का, कोण जाणे. पण ती कुणी ठेवायची, तिच्यात काय घालायचं, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघतो तेव्हा हात वर करणारी व्यक्ती तुम्ही असायला हवं.

यासाठी गिट (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल), मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत), ओपनएपीआयची म्हणजे एपीआयचं वर्णन करणारी फाइल वाचता येणं, पोस्टमन या एपीआय तपासायच्या टूलमध्ये स्वतः रिक्वेस्ट मारून बघणं, व्हेलसारखं लिंटर म्हणजे मजकूर तपासणारं टूल लावून स्टाइल गाइडचे नियम आपोआप तपासणं, एवढं यायलाच हवं. यातलं बरंचसं तुम्हाला येत असणार. कोड लिहिता नाही आला तरी चालेल, पण वाचून ‘इथे तर टाइमआउट तीसच सेकंद आहे, तुम्ही साठ म्हणालात’ असं म्हणता आलं पाहिजे. हे वाक्य एकदा जरी मीटिंगमध्ये म्हणालात तर पुढच्या वेळी तुम्हाला आधी विचारतील.

लोकांच्या सल्ल्यांबद्दल थोडक्यात. यूएक्स रायटिंग सुरक्षित बेट आहे असं कुणी सांगत असेल तर त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत त्या लोकांशी बोललेलं दिसत नाही. बटणावरचे शब्द काढून द्यायला तर टूलला आणखी कमी वेळ लागतो. त्या कामाची मुळात ओढ असेल तरच जा. प्रॉडक्ट मॅनेजर होणं तुम्हाला जमू शकेल, कारण अख्खं उत्पादन शेवटपर्यंत वापरून बघितलेली माणसं कंपनीत मोजकीच असतात आणि रायटर त्यातली असते. पण ते काम म्हणजे दिवसभर पाच जणांना नाही म्हणणं आणि सहाव्याचं नाही ऐकून घेणं. ज्यात रस नाही त्यात पगारासाठी शिरलात तर वर्षभरात कंटाळाल. टेस्टिंग, सपोर्टमधलं नॉलेज मॅनेजमेंट, ग्राहक-प्रशिक्षण ही शेजारची घरं आहेत. तिथे जायला कुंपण ओलांडावं लागत नाही. प्रॉम्प्टच्या कोर्सवर पैसे खर्च करू नका. तुम्ही रोज ते टूल वापरता; त्याला काय पुरवलं की चुका कमी होतात हे तुमच्या त्या वहीतूनच तुम्हाला कोर्सवाल्यापेक्षा जास्त कळेल.

आता भाऊ.

त्याला अडवू नका, पण तुमच्या दाराने येऊ देऊ नका. तुम्ही आलात तेव्हा फ्रेशरला रिलीज नोट्स लिहायला द्यायचे, स्क्रीनशॉट बदलायला द्यायचे, आणि ते करता करता तो उत्पादन शिकायचा. तीच कामं आधी गेली. या सगळ्या उलथापालथीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची: वरची माणसं राहतील, पण त्यांची जागा घेणारे कुठे तयार होणार? कंपन्यांना याचं उत्तर शोधावंच लागेल, फक्त तुमच्या भावाने तोवर हातावर हात ठेवून का बसावं?

त्याच्याकडे तुमच्याकडे नसलेली गोष्ट आहे: विषय. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला, स्वच्छ लिहिणारा मुलगा सॉफ्टवेअरच्या रांगेत शेवटी उभा राहण्यापेक्षा औषध, निदान-संच आणि वैद्यकीय उपकरणांकडे गेला तर बराच पुढे उभा राहील. प्रयोगशाळांच्या कार्यपद्धती, निदान-संचांच्या वापर-सूचना, गुणवत्ता विभागातलं डॉक्युमेंट कंट्रोल, आणि पुढे अनुभव आला की रेग्युलेटरी रायटिंग, म्हणजे औषधांच्या मंजुरीसाठी नियामकांना द्यायची कागदपत्रं लिहिणं. तिथे क्लिनिकल चाचणीचा अहवाल कसा रचायचा याचा आयसीएच या औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा ई३ हा आराखडा १९९५ पासून आहे. त्या क्षेत्रातही मसुदे यंत्राकडून काढून घेणं सुरू झालंय. पण तक्त्यातला आकडा आणि मजकुरातला आकडा जुळतो का, प्रतिकूल परिणामाची नोंद सौम्य शब्दांत दडपली गेली का, हे बघायला विषय कळणारा माणूसच लागतो. डॉक्युमेंट कंट्रोलची पहिली नोकरी कंटाळवाणी असते, हे त्याला आधीच सांगा. दिवसभर आवृत्त्या, सह्या, तारखा. दोन वर्षं कळ काढली तर कुठली सूचना का बदलली याचा इतिहास त्याला पाठ होईल, आणि त्या इतिहासाला किंमत आहे.

तरीही सॉफ्टवेअरच हवं म्हणून तो हटून बसला, तर ‘लिहायला आवडतं’ एवढ्या भांडवलावर अर्ज करत सुटू नये. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, ते त्याने एका आठवड्यात उरकावेत. नुसते ते करून नोकरी मिळत नाही, पण सवय लागते. मग एखादा चालू ओपन सोर्स प्रकल्प निवडावा, शक्यतो जीवशास्त्राच्या डेटाशी संबंधित, म्हणजे त्याचं शिक्षण कामी येईल. कोऱ्या मशिनवर त्यांच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. जिथे अडेल तिथे थांबून लिहून ठेवावं, दुरुस्ती सुचवावी, सांभाळणाऱ्यांशी चर्चा करावी, ती स्वीकारली गेली की पुढची. पोर्टफोलिओत सुंदर पानं टाकून आता कुणी प्रभावित होत नाही, सुंदर पानं कुणीही काढतं. आधी काय होतं, काय चुकत होतं, ते त्याला कसं कळलं, कुणाला विचारलं, आणि शेवटी काय बदललं, ही साखळी दाखवणारी तीन उदाहरणं पुरेत. मुलाखत घेणारी व्यक्ती दुसऱ्या प्रश्नालाच त्यावर येईल. आणि मसुद्याला टूल वापरलं असेल तर तसं सरळ सांगावं. लपवण्यात काही हशील नाही, शिवाय ‘मग तुम्ही त्यात काय पकडलंत?’ हा पुढचा प्रश्न त्याच्याच फायद्याचा.

राहिली बायोडेटावरच्या नावाची शंका. ‘टेक्निकल रायटर’ काढू नका. भरती करणारे अजून त्याच नावाने शोधतात आणि ते नाव नसेल तर त्यांच्या गाळणीतच तुम्ही अडकाल. त्याच्या खालच्या ओळीत मात्र टूल्सची जंत्री देण्याऐवजी एपीआय डॉक्युमेंटेशन, माहितीची रचना, एआय मसुद्यांची पडताळणी असं काम लिहा, आणि त्या तीन महिन्यांच्या वहीतून निघालेली एक-दोन वाक्यं: अमुक विषयाची टिकिटं पान बदलल्यावर किती कमी झाली. आकडा खराच टाका, छोटा असला तरी. अर्ज आत्तापासून करायला लागा, वहीचे तीन महिने संपायची वाट बघू नका. पाचाच्या दोन झालेल्या टीममध्ये कपातीची पुढची यादी कधी निघेल ते कुणी आधी सांगत नसतं, आणि नोकरी हातात असताना केलेली बोलणी नेहमीच चार पैसे जास्त मिळवून देतात.